वायरमनच्या पिशवीत कोणती हत्यारं हवीत? बेळगाव, खानापूर, निपाणीकडून सतत येणारे प्रश्न

मी बेळगावात घरांची वायरिंग आणि लहान कारखान्यांची कामं करतो. आयटीआयमधून नुकती बाहेर पडलेली पोरं, गवंड्याच्या हाताखाली राहून वायरिंगकडे वळलेले लोक आणि घरचा फ्यूज स्वतः बदलणारे एक-दोन मास्तर फोनवर पुन्हा पुन्हा तेच विचारतात. म्हणून सगळं एकदा लिहून ठेवलं. एक उत्तर दुसऱ्यात शिरतंय असं वाटलं तिथं त्या प्रश्नाचा आकडा दिलाय.

१. मामा, आयटीआय संपलं. सोमवारपासून कामाला जायचंय. पिशवीत काय काय घेऊ?

आठ इंची पक्कड, सहा इंची साईड कटर, नोज प्लायर, वायर स्ट्रिपर, स्क्रू ड्रायव्हर (किती आणि कोणते ते प्रश्न ५ मध्ये), टेस्टर, साधा मल्टीमीटर, हातोडी, एक छिन्नी, हॅक्सॉ, मेजर टेप, इन्सुलेशन टेपची दोन बंडलं, पेन्सिल आणि टॉर्च. टॉर्च कपाळावर बांधायची असेल तर फार बरं. दातात मोबाईल धरून डीबी (घरातल्या सगळ्या लाईनी जिथून वाटल्या जातात ती पेटी) उघडणारी माणसं मी रोज बघतो.

पहिल्या महिन्यात एवढंच घ्या. बाकी काय लागतंय ते काम सांगतं. पिशवी फार जड झाली की ती गाडीच्या हँडललाच लटकत राहते आणि माडीवर चढताना माणूस पक्कड-टेस्टर खिशात घालून निघतो. मग मल्टीमीटर खाली गाडीवर आणि आपण वर अंदाजावर.

२. टेस्टर पेटला नाही म्हणजे करंट नाही, असं धरायचं का?

नाही. सगळ्यात जास्त शॉक याच समजुतीतून बसतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टेस्टरच्या पोटात एक छोटा निऑन दिवा आणि एक मोठा रोधक असतो. टोक फेजला (करंट आणणाऱ्या वायरीला) लावून मागच्या टोपीवर बोट ठेवलं की अगदी थोडा करंट आपल्या अंगातून जमिनीकडे जातो आणि दिवा पेटतो. म्हणजे त्या सर्किटचा अर्धा भाग आपणच असतो. कोरड्या लाकडी स्टुलावर, जाड रबरी चपला घालून उभं राहिलं तर तो अर्धा भाग कच्चा पडतो, दिवा मंद होतो किंवा दिसतच नाही. भर दुपारी गच्चीवर तर पेटलेला निऑनसुद्धा दिसत नाही, हाताची सावली धरावी लागते.

उलटाही घोटाळा होतो. लांबलचक वायर चालू वायरीच्या शेजारून एकाच पाईपातून गेली असेल तर ती बंद असूनही टेस्टर मिणमिणतो. आणि न्यूट्रल (परतीची वायर) कुठंतरी तुटलेला असेल, घरात एखादा बल्ब नाहीतर फ्रीज चालू राहिला असेल, तर प्लगच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटतो. फेज त्या बल्बमधून फिरून न्यूट्रलच्या वायरीवर येतो. नवीन पोरं इथं हमखास गोंधळतात. ‘मामा, दोन फेज आलेत’ असा फोन आला की मी आधी न्यूट्रल बघायला सांगतो.

शहापुरातल्या एका जुन्या माडीवर मी स्वतः फसलोय. टेस्टर काळा, म्हणून बिनधास्त वायर सोलायला घेतली आणि कोपरापर्यंत झिणझिणलं. स्टुलावरून खाली उतरून तोच टेस्टर त्याच वायरीला लावला तर छान पेटला.

तेव्हापासूनची पद्धत अशी. आधी जिथं नक्की करंट आहे तिथं टेस्टर किंवा मीटर लावून तो चालतोय का बघायचं. मग कामाची वायर तपासायची. मग परत चालू ठिकाणी. तिन्ही वेळा उत्तर बरोबर आलं तरच हात लावायचा. शेवटचा निर्णय मल्टीमीटरचा, दोन टोकं दोन वायरींवर ठेवून. फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ, तिन्ही जोड्या बघायच्या.

पावसात भिजलेला टेस्टर वापरू नका. आत ओल शिरली की रोधकाला वळसा घालून करंट थेट बोटापर्यंत येऊ शकतो.

३. मल्टीमीटर घ्यावा की टाँग टेस्टर?

घरांची कामं असतील तर आधी मल्टीमीटर. मोटरची कामं सुरू झाली की टाँग टेस्टर, कारण वायर न तोडता मोटर किती अँपिअर घेतेय ते कळतं. एक गोष्ट पहिल्या दिवशी सगळेच चुकतात. फेज आणि न्यूट्रल दोन्ही वायरी एकदम जबड्यात धरल्या की मीटर शून्य दाखवतो. एकच वायर धरायची.

मल्टीमीटर घेताना त्यावर ‘कॅट थ्री, ६०० व्होल्ट’ असं छापलेलं आहे का बघा. डीबी आणि बसवलेल्या वायरिंगसाठी ही पायरी लागते, ‘कॅट टू’ ही प्लगला लावायच्या उपकरणांपुरती. लाल वायर अँपिअरच्या भोकात राहिली असताना व्होल्टेज मोजायला गेलं तर तो थेट शॉर्ट असतो. चांगल्या मीटरमध्ये आतला फ्यूज जातो, स्वस्तातल्यामध्ये मीटरच जातो, कधी बोटंही भाजतात.

जुन्या लोकांचा सिरीज बोर्ड अजून कामाचा आहे. १०० वॅटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये लावून शॉर्ट शोधायला त्याच्यासारखं काही नाही. पण असे बल्ब दुकानात मिळायचे कमी झालेत आणि एलईडी तिथं चालत नाही. मिळाले तर दोन-तीन घेऊन ठेवा.

४. पक्कडीला लाल-पिवळी प्लास्टिकची मूठ आहे. मग चालू लाईनवर धरली तर चालतंय की?

साधी प्लास्टिकची मूठ हात घसरू नये म्हणून असते. करंट अडवणाऱ्या हत्यारावर दोन त्रिकोणांची खूण आणि १००० व्होल्ट असं कोरलेलं असतं, सोबत आयईसी ६०९०० हा मानकाचा आकडा असतो. ती मूठ जाड असते आणि पुढं हात घसरून धातूवर जाऊ नये म्हणून तिला ओठासारखा कठडा असतो. साध्या मुठीवर गरम पाण्यात घालून ओढून चढवलेली वेगळी नळी म्हणजे इन्सुलेशन नव्हे, ती फिरते आणि निघून येते.

खूण असलेली पक्कड घ्याच. पण ती चुकून लाईन चालू राहिली तर वाचवण्यासाठी आहे, चालू लाईनवर मुद्दाम काम करण्यासाठी नाही. मूठ चिरली किंवा आतला वेगळा रंग दिसायला लागला की ती साधी पक्कड झाली. खिळे ओढायला ठेवा.

५. स्क्रू ड्रायव्हर किती आणि कोणते?

चार. स्विच-सॉकेटच्या टर्मिनलसाठी ३ मिलिमीटर पात्याचा बारीक, साध्या स्क्रूसाठी ५-६ मिलिमीटरचा लांब, एक चौफुली म्हणजे दोन नंबरचा फिलिप्स, आणि एक दोन नंबरचा पोझी. शेवटचा बहुतेकांकडे नसतो.

एमसीबीच्या (करंट जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या स्विचच्या) टर्मिनलचा स्क्रू नीट बघा. अधिकच्या खुणेमध्ये कोपऱ्यांत चार बारीक रेघा दिसल्या तर तो पोझी. त्यात फिलिप्स घातला तर घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण शेवटच्या पाव फेऱ्यात टोक वर सरकतं आणि स्क्रू सैलच राहतो. सैल टर्मिनल तापतं. उन्हाळ्यात एसी सुरू झाले की सहा महिन्यांपूर्वीच्या डीबीतून करपल्याचा वास येतो, घरमालक एमसीबीला शिव्या घालतो आणि आपण नवीन एमसीबी बसवून येतो. तिथं मूळ दोष बऱ्याचदा त्या पाव फेऱ्याचा असतो.

टोक झिजून गोल झालं की ड्रायव्हर बदला. त्याची छिन्नी करू नका, आणि केलीत तर परत ड्रायव्हर म्हणून वापरू नका.

६. वायर सोलायला स्ट्रिपरच पाहिजे काय? आमचे उस्ताद दातानं सोलतात.

उस्तादांचे दात मजबूत असतील. स्ट्रिपर घ्या. दीड किंवा अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरीत बारीक तारांचा जुडगा असतो. ब्लेडनं किंवा पक्कडीच्या धारेनं सोललं की दोन-चार तारा तुटतात आणि तेवढी वायर त्या जागी बारीक होते. स्ट्रिपरचा स्क्रू फिरवून त्या वायरीला बसेल असा थांबा लावायचा आणि आधी टाकाऊ तुकड्यावर करून बघायचं.

७. खानापूरकडं जांभ्याच्या भिंती आहेत. झिरी (वायरीचा पाईप दडवायची खाच) मारायला आणि बोर्ड बसवायला काय वेगळं लागतंय?

हातोडी जरा जड, एक किलोच्या आसपासची, आणि दोन छिन्न्या, एक टोकदार आणि एक चपटी. जांभा खाणीतून काढला की मऊ असतो आणि वाऱ्या-पावसात उघडा राहिला की वरून टणक होतो. त्यामुळं जुन्या घरात पहिला पापुद्रा हटत नाही आणि आत गेलं की भसकन ढेकूळ निघतं. झिरी दोन्ही कडांनी आधी टोकदार छिन्नीनं आखून घ्या, मगच मधलं काढा. घाई केली तर एक इंचाची झिरी चार इंचांची होते आणि गवंड्याची बोलणी खावी लागतात.

दगडाला भोकं असल्यामुळं प्लास्टिकचा प्लग नुसता फिरतो. सागवानाची खुंटी ठोकून तिच्यात स्क्रू घालायचा, नाहीतर भोक सिमेंटनं भरून वाळू द्यायचं आणि परत पाडायचं. डोळ्यांना चष्मा लावाच. जांभ्याची लाल कपची डोळ्यात गेली की आठवडा जातो.

८. जुन्या वाड्यात लाकडी पट्टीवरची वायरिंग आहे. त्याला काय न्यावं?

रंगानं बुजलेले चपटे स्क्रू काढायला लांब दांड्याचा ड्रायव्हर, खाच साफ करायला जुनं हॅक्सॉचं पातं आणि गिरमिट. हो, ते लाकडाला भोक पाडायचं हातानं फिरवायचं गिरमिट. आजकालच्या पोराला ‘गिरमिट आण’ म्हटलं तर तो कोपऱ्यावरून चुरमुऱ्यांच्या गिरमिटाचं पुडकं घेऊन येतो. झालंय असं. खाऊन घेतलं आणि मग भोक पाडलं.

अशा घरातल्या वायरींचं आवरण वाळलेलं असतं, हलवलं की तडकतं. म्हणून मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचा मीटर, न्या (प्रश्न ११), आणि रंगावर विश्वास ठेवू नका. जुन्या कामात काळी वायर फेज निघाल्याचं मी कितीदा बघितलंय.

९. पाईपातून वायर ओढताना अडकते. स्प्रिंग घेऊ की नुसती तार?

सरळ पाईपला जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) तार चालते. दोनपेक्षा जास्त वळणं असतील तर वायर ओढायची स्प्रिंग. तारेचं टोक नेहमी गोल वळवून घ्या, सरळ टोक सांध्यात रुततं. वायरींना शंखजिऱ्याची पूड लावली की निम्मं काम हलकं होतं. तेल किंवा ग्रीस लावू नका, त्यानं आवरण खराब होतं.

१०. उद्यमबागेत नाहीतर वडगावच्या मागांवर काम मिळालं तर घरगुती पिशवी पुरेल काय?

पुरणार नाही. तिथं पाने लागतात. सहा मिलिमीटरच्या बोल्टला १० चा पाना, आठच्याला १३, दहाच्याला १७, बाराच्याला १९. दुतोंडी पान्यांचा सेट घेताना त्यात हे चार आहेत का बघा. शिवाय ॲलन कीचा सेट, टाँग टेस्टर आणि क्रिंपिंग टूल.

क्रिंपिंग टूलवर पैसे खर्च करायला लोक नको म्हणतात. लग (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचा धातूचा तुकडा) पक्कडीनं दाबतात, कोणी तर दगडावर ठेवून हातोडीनं चपटा करतात. दिसायला चपटा होतो, आत तारा मोकळ्याच राहतात. मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते आणि तो सगळा त्या मोकळ्या सांध्यातून जातो. क्रिंप केल्यावर लग धरून वायर जोरात ओढा. हलली तर कापून नवा लग.

मागाच्या शेडमध्ये सुताची कापूस-धूळ स्टार्टरच्या आत बसते. एक मऊ ब्रश ठेवा, तोंडानं फुंकू नका. मोटर सोडायच्या आधी तिन्ही वायरींवर टेपनं खुणा करा. दोन फेज अदलाबदल झाले की मोटर उलटी फिरते आणि मागवाले अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलतात.

११. शेतातली मोटर बघायला बोलावतात. मेगर घ्यावाच लागतो काय?

पंपांची कामं नियमित असतील तर घ्या, ५०० व्होल्टचा पुरतो. बोअरमधून मोटर वर काढायची म्हणजे माणसं, दोर आणि अर्धा दिवस. स्टार्टरमधून मोटरच्या वायरी पूर्ण सोडवून एकेक वायर आणि अर्थ यांच्यामध्ये मेगर लावला तर वाइंडिंग किंवा केबल जमिनीला लागलीय का ते वरूनच कळतं. १ मेगाओहमच्या खाली आलं तर मोटर चालवून बघायच्या फंदात पडू नका. वायरी स्टार्टरला जोडलेल्याच ठेवून मोजलं तर आकडा स्टार्टरचा येतो, मोटरचा नाही. मोजून झालं की वायरी अर्थला टेकवा, केबलमध्ये राहिलेला चार्ज झटका देतो.

शेतात लाईट कधी येईल याचा नेम नसतो. ‘आता नाहीच यायची’ असं मालक छातीठोक सांगतो. त्याच्या शब्दावर नाही, फ्यूज काढून काम करायचं. पुढचा प्रश्न बघा.

१२. मेन बंद केला, पण खालून कोणीतरी चालू करेल याची भीती वाटते. त्याला कुठलं हत्यार?

किटकॅट फ्यूज असेल तर त्याचा वरचा भाग काढून खिशात. याहून खात्रीचं काही नाही. एमसीबी असेल तर त्यावर बसणारी लॉकची क्लिप आणि लहान कुलूप मिळतं, किल्ली आपल्याकडे. तेही नसेल तर वायर एमसीबीतून सोडवून टोकाला टेप लावा.

पाटी मराठीत आणि कन्नडात, दोन्हीत लावा. आपल्याकडं मालक मराठी, भाडेकरू कन्नड आणि सुतार तिसऱ्याच गावचा असतो. कन्नड लिपी येत नसेल तर कोणाकडून तरी लिहून घ्या आणि तोंडानंही ‘चालू माडब्याड्री’ (चालू करू नका) सांगून ठेवा. मदतनीस कन्नड बोलणारा असेल तर इशाऱ्याचे शब्द आधी ठरवा. मराठीत हाक म्हणजे साद, कन्नडात ‘हाकु’ म्हणजे घाल, लाव. ‘हाक मारतो तोवर थांब’ असं तुम्ही वरून ओरडलात आणि त्यानं पहिलाच शब्द ऐकून स्विच वर केला तर? आम्ही फक्त ‘बंद’ आणि ‘चालू’ वापरतो, दोन्ही भाषांत तेच चालतं, आणि तो परत उच्चारून दाखवेपर्यंत मी वायरीला हात लावत नाही.

मेन बंद असूनही करंट राहणारी घरं वाढलीत. इन्व्हर्टर असेल तर त्याच्या लाईनवर करंट असतोच. इन्व्हर्टर बंद करून प्लग काढा आणि प्रश्न २ प्रमाणे परत तपासा. गणपतीच्या मांडवात जनरेटर कुठून जोडलाय हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय बोर्ड उघडू नका.

१३. हत्यारं गंजतात. पावसाळ्यात काय करावं?

रात्री पिशवी उपडी करा, पुसा, पक्कड-कटरच्या सांध्यात मशीनच्या तेलाचा एक थेंब. मुठींना तेल लागू देऊ नका. जूनपासून कॅनव्हासची पिशवी बंद, प्लास्टिकची पेटी. खानापूरच्या पावसात तर मीटर वेगळ्या झिपच्या पिशवीतच.

१४. महाग घ्यावं की स्वस्त? आणि दुकानात काय बघून घ्यावं?

मीटर, पक्कड, कटर आणि ड्रायव्हर यांत काटकसर नको. हातोडी, छिन्नी, हॅक्सॉची चौकट साधी चालते. पक्कड मिटून उजेडाकडे धरा. धारेच्या फटीतून प्रकाश दिसला तर ठेवून द्या. मग एका हातानं उघडझाप करा. सांधा डगमगला तर नको, आणि फार घट्ट असला तर दिवसभर वायर कापून मनगट दुखेल. कटरनं दुकानातच वायरीची एकच बारीक तार कापून बघा. धार चांगली असेल तर एक तारही दबून न राहता कापली जाते.

निपाणी-चिकोडीकडं कन्नड दुकानदाराला पक्कड म्हणून कळलं नाही तर ‘इक्कळ’ म्हणा, हातोडीला ‘सुत्तिगे’, छिन्नीला ‘उळी’. बहुतेक वेळा तो मराठीतच उत्तर देतो.

१५. शिनोळीला, म्हणजे महाराष्ट्रात चंदगड बाजूला काम आहे. वेगळं काही न्यावं काय?

पिशवी तीच. तिकडंही २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ आणि वायरींचे रंगही तेच. बदलतो तो कागद. वीज कंपनी इकडं हेस्कॉम, तिकडं महावितरण, आणि वायरिंगचा परवाना ज्या त्या राज्याचा असतो. नवीन कनेक्शनच्या कागदावर सही लागणार असेल तर तिकडचा परवाना असलेला माणूस आधी गाठा. मीटरचं सील आणि खांबावरून येणारी वायर दोन्हीकडं कंपनीची. खांबावर आकडा टाकून द्यायची गळ गणपती मंडळाची पोरं घालतात, त्यासाठी माझ्या पिशवीत काही नसतं असं सांगून मोकळं व्हायचं.

१६. ॲल्युमिनियमची शिडी हलकी पडते, चालेल काय?

नाही. ती करंट वाहून नेते. बांबूची, लाकडी किंवा फायबरची घ्या. लाकडी असली तरी ओली असताना नको.

१७. मी डावखुरा आहे. माझ्यासाठी वेगळी हत्यारं मिळतात काय?

पक्कड, कटर, ड्रायव्हर यांना डावं-उजवं नसतं. त्रास होतो तो मेजर टेपचा. डाव्या हातानं टेप ओढली की आकडे उलटे दिसतात, ६ चा ९ वाचला जातो आणि बोर्ड तीन इंच सरकतो. दोन्ही बाजूंनी छापलेली टेप मिळाली तर घ्या, नाहीतर भिंतीवर पेन्सिलनं खूण करून मगच आकडा वाचा. कमरेची पिशवी मात्र डावीकडं बांधा.